दोन डोळे, दोन जगे

प्रकाशाचे चित्रकार म्हणून जगभर ओळखले गेलेले क्लोद मोने यांच्या दृष्टीवरच उतारवयात घाला पडला. १४ नोव्हेंबर १८४० रोजी पॅरिसमध्ये जन्मलेले मोने १८८३ मध्ये जिव्हर्नी या गावी स्थायिक झाले. तेथील कमळतळे हाच पुढे त्यांच्या चित्रांचा ध्यास बनला.

१९१२ मध्ये त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असल्याचे निदान झाले. रंग मळकट, पिवळसर दिसू लागले; पण शस्त्रक्रियेची त्यांना धास्ती होती. १९१८ मध्ये महायुद्ध संपताच त्यांनी आपली कमळचित्रे राष्ट्राला देऊ केली. तो संकल्प तडीस जावा म्हणून त्यांचे मित्र, स्वतः वैद्यकाचे पदवीधर असलेले जॉर्ज क्लेमान्सो यांनी शस्त्रक्रियेचा आग्रह धरला. अखेर १९२३ मध्ये डॉ. शार्ल कुतेला यांनी उजव्या डोळ्यातील भिंग काढले. त्या जागी बसवायला कृत्रिम भिंग मात्र नव्हते. ते प्रथम १९४९ मध्ये लंडनला बसवले गेले.

जाड चष्म्याने वाचता येऊ लागले, पण त्या डोळ्याला सारे निळसर दिसे आणि डाव्याला पिवळसर. दोन्ही प्रतिमा जुळेनात. तरीही डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया त्यांनी शेवटपर्यंत नाकारली. रंगीत काचांचा चष्मा लावून, डावा डोळा झाकून त्यांनी काम चालू ठेवले.

५ डिसेंबर १९२६ रोजी त्यांचे निधन झाले. १९२७ मध्ये ती भव्य चित्रे पॅरिसच्या ओरांजेरी संग्रहालयात खुली झाली. आज दुसऱ्या डोळ्याची शस्त्रक्रिया त्याच दिवशी किंवा काही काळाने करता येते; मोने यांनी मात्र ही विसंगती अखेरपर्यंत सोसली.