बेंजामिन फ्रँकलिनची टू-डू लिस्ट: फोन नव्हता तेव्हाचा हॅबिट ट्रॅकर

टू-डू लिस्टचा विषय निघाला की कोणतं ॲप फ्री आहे आणि कोणाचं विजेट छान दिसतं, इथेच गाडी अडकते. लिस्ट करूनही डोक्यावरचा ताण का उतरत नाही, हा प्रश्न मात्र राहूनच जातो. म्हणून आज मी ॲप थोडं बाजूला ठेवून एका माणसाबद्दल लिहिणार आहे. पतंग आणि विजेच्या प्रयोगामुळे तुम्ही त्याला ओळखता. बेंजामिन फ्रँकलिन. त्याने जवळजवळ ३०० वर्षांपूर्वी स्वतःसाठी एक हॅबिट ट्रॅकर बनवला होता. तो त्याला पूर्ण जमला नाही, आणि मला त्यातला हाच भाग सगळ्यात कामाचा वाटतो.

फ्रँकलिनचा जन्म १७ जानेवारी १७०६ चा, अमेरिकेतल्या बोस्टनमधला. वडील साबण आणि मेणबत्त्या बनवायचे. त्यांची एकूण १७ मुलं, त्यात हा पंधरावा. शाळा जेमतेम दोन वर्षं. बाराव्या वर्षी मोठ्या भावाच्या छापखान्यात काम शिकायला लागला. भावाशी पटलं नाही, म्हणून सतराव्या वर्षी पळून फिलाडेल्फियाला गेला आणि तिथून पुढे लंडनला. १७२६ मध्ये तो जहाजाने परत निघाला तेव्हा वय २०, हातात फारसं काही नाही आणि डोक्यावर देणं.

त्या जहाजावर त्याने पुढे कसं वागायचं याची एक योजना लिहून काढली. मुद्दे फक्त चार. देणं फिटेपर्यंत काटकसर करायची. खरं बोलायचं आणि पाळता येणार नाही अशी आशा कोणाला लावायची नाही. हातातलं काम मन लावून करायचं, झटपट श्रीमंत होण्याच्या नादी लागायचं नाही (आजच्या भाषेत, टेलिग्रामवरच्या टिप्स बंद). आणि कोणाबद्दल वाईट बोलायचं नाही. वीस वर्षांच्या पोराने सगळं आयुष्य चार ओळींत बसवलं. आपल्या फोनमध्ये एका दिवसासाठी २३ कामं असतात!

पुढची वर्षं सोपी नव्हती. १७२८ मध्ये त्याने भागीदारीत छापखाना टाकला. भागीदाराच्या वडिलांनी कबूल केलेले पैसे पूर्ण दिले नाहीत, आणि ज्याची उधारी होती तो कोर्टात गेला. दोन मित्रांनी पैसे पुढे केले म्हणून धंदा वाचला. हा माणूस कष्टाळू आहे हे गावाला दिसावं म्हणून फ्रँकलिन विकत घेतलेला कागद कधीकधी स्वतः हातगाडीवर घालून रस्त्याने ढकलत न्यायचा.

लाल रेघा, काळे ठिपके

याच काळात त्याने ती प्रसिद्ध वही बनवली. स्वतःत हवे असलेले १३ गुण निवडले. मिताहार, मौन, व्यवस्थितपणा, निश्चय, काटकसर, उद्योग, प्रामाणिकपणा असे. आधी १२ च होते. एका ओळखीच्या माणसाने तू जरा गर्विष्ठ आहेस असं तोंडावर सांगितलं, तेव्हा नम्रता हा तेरावा आला. वहीच्या पानावर लाल शाईने रेघा मारलेल्या, आडवे सात दिवस, उभे तेरा गुण. संध्याकाळी दिवस आठवायचा आणि जिथे चुकलं त्या चौकटीत काळा ठिपका द्यायचा.

इथे एक गोष्ट नीट बघा. ठिपके सगळ्या गुणांचे द्यायचे, पण लक्ष द्यायचं फक्त एकावर. या आठवड्यात मिताहार, तर त्याच ओळीत ठिपका येऊ द्यायचा नाही. बाकीच्या ओळी जशा जातील तशा जाऊ द्यायच्या. पुढच्या आठवड्यात दुसरा गुण. १३ आठवड्यांत एक फेरी, म्हणजे वर्षाला चार फेऱ्या. आपण १ जानेवारीला जिम, इंग्लिश, सकाळी पाचचा अलार्म आणि नो-शुगर एकदम सुरू करतो आणि ९ तारखेला ॲप उडवतो. त्यापेक्षा हे कितीतरी माणसाळलेलं आहे.

त्याच वहीत २४ तासांचं टाइमटेबलही होतं. पहाटे ५ ला उठणं, आज काय चांगलं करायचं हे ठरवणं, ८ ते १२ काम, दुपारी वाचन, हिशेब आणि जेवण, २ ते ६ परत काम. संध्याकाळी वस्तू जागेवर ठेवणं, संगीत, गप्पा आणि दिवसभरात काय चांगलं झालं याचा आढावा. रात्री १० ला झोप. गप्पांसाठी वेळ लिहून ठेवलाय, हे मला फार आवडतं.

आता खरी गंमत. हे टाइमटेबल त्याला पाळता आलं नाही. छापखान्याचा मालक असल्यावर गिऱ्हाईक येईल तेव्हा उठावं लागायचं. आणि व्यवस्थितपणा या गुणाने तर त्याला सगळ्यात जास्त छळलं. कागद, वस्तू जागच्या जागी ठेवणं त्याला म्हातारपणापर्यंत जमलं नाही. आत्मचरित्रात त्याने यावर एका माणसाची गोष्ट सांगितली आहे. त्याला आपली कुऱ्हाड धारेसारखीच सगळीकडून चकचकीत हवी होती. लोहार म्हणाला, चाक तू फिरव, मी घासतो. फिरवून फिरवून हात दुखले तेव्हा या बाबाने ठरवलं की ठिपके असलेली कुऱ्हाडच छान! फ्रँकलिन यात स्वतःवरच हसतो, पण हेही नोंदवतो की प्रयत्न केल्यामुळे आपण आधीपेक्षा चांगले आणि सुखी झालो. हे लिहिलं तेव्हा तो ७८ वर्षांचा होता.

ठिपके पुसायची सोय

कागदावरचे जुने ठिपके खोडून खोडून वहीला भोकं पडली. मग त्याने हस्तिदंताच्या पातळ पानांची वही घेतली. रेघा पक्क्या, ठिपके पेन्सिलीचे, ओल्या स्पंजने पुसले की पान कोरं. माझ्या मते ट्रॅकरमधला सगळ्यात हुशार भाग हाच. आपल्या ॲपमध्ये मागच्या महिन्यातलं काम लाल अक्षरात रोज तोंड दाखवतं, आणि ताण कामापेक्षा त्या लाल अक्षरांचा जास्त होतो. गूगल कीपमध्ये चेकबॉक्सची लिस्ट उघडून तीन ठिपक्यांच्या मेनूत गेलात, तर सगळ्या टिका एकदम काढायचा पर्याय मिळतो. दर रविवारी तेवढं करा, तीच लिस्ट परत नवी.

फ्रँकलिनची दुसरी युक्ती निर्णयाच्या ताणासाठी आहे. १७७२ मध्ये शास्त्रज्ञ जोसेफ प्रीस्टलीला एका लॉर्डकडे नोकरी चालून आली होती. घ्यावी की नाही कळेना. काय ठरवायचं ते फ्रँकलिनने सांगितलं नाही, कसं ठरवायचं ते पत्राने कळवलं. कागदावर मधोमध रेघ, एका बाजूला बाजूची कारणं, दुसरीकडे विरोधातली. तीन-चार दिवस सुचेल तसं लिहीत राहायचं. मग सारख्या वजनाची कारणं समोरासमोर खोडायची, कधी एकाला दोन. उरेल त्यावर एक-दोन दिवस थांबायचं आणि ठरवायचं. त्याचं म्हणणं असं की सगळी कारणं मनात एकाच वेळी हजर नसतात. आत्ता ही दिसतात, मग ती, म्हणून आपण हेलकावे खातो. पुण्यातली नोकरी घ्यायची की गावी राहून परीक्षा द्यायची, यावर रात्री दोनपर्यंत छताकडे बघणाऱ्यांनी हे एकदा नोट्स ॲपमध्ये करून बघा. घाई नको, चार दिवस लावा. प्रीस्टलीने ती नोकरी घेतली.

एक गोष्ट सांगायलाच हवी. त्या १३ गुणांमध्ये न्याय होता. तरी फ्रँकलिनच्या घरी वर्षानुवर्षं गुलाम होते आणि त्याच्या वर्तमानपत्रात गुलामांच्या विक्रीच्या जाहिराती छापल्या जायच्या. वहीत ठिपका त्याच चुकीला मिळतो, जी लिहिणाऱ्याला चूक वाटते. हे बदलायला त्याला बरीच वर्षं लागली. १७८७ मध्ये तो पेनसिल्व्हेनियातल्या गुलामगिरीविरोधी संस्थेचा अध्यक्ष झाला. फेब्रुवारी १७९० मध्ये त्याच्या सहीचा अर्ज अमेरिकन काँग्रेसपुढे गेला, गुलामगिरी संपवा म्हणून. काँग्रेसने त्यावर काही केलं नाही. १७ एप्रिलला, ८४ व्या वर्षी, फ्रँकलिन गेला.