पेपिन : कारभाऱ्याचा राजा कसा झाला?

इतिहासाच्या तासाला शार्लमेनचं नाव येतं, पण त्याचे वडील पेपिन यांच्याकडे आपलं जरा दुर्लक्षच होतं. घराण्याला राजपद मिळवून दिलं ते मात्र त्यांनीच.

फ्रँक लोकांच्या गादीवर मेरोव्हिंजियन घराणं होतं. लांब केस ही त्यांच्या राजरक्ताची खूण. सत्ता मात्र राजवाड्याच्या मुख्य कारभाऱ्याच्या हाती, आणि हे पद पेपिनच्या घराण्याकडे चालत आलेलं. वडील चार्ल्स मार्टेल तर इतके प्रबळ, की ७३७ मध्ये राजा वारला तेव्हा दुसरा राजा बसवायचीही त्यांना गरज वाटली नाही. तरीही ते स्वतः गादीवर बसले नाहीत. का बरं? सुमारे शंभर वर्षांपूर्वी याच घराण्यातल्या ग्रिमोआल्डने आपल्या मुलाला राजा केलं होतं, आणि ते धाडस त्याच्या जिवावर बेतलं. तलवार होती, पण रक्ताचा मान नव्हता.

७४१ मध्ये मार्टेल वारले. पेपिन आणि भाऊ कार्लोमन यांनी कारभार वाटून घेतला. पण जिकडेतिकडे बंडं! मग ७४३ मध्ये चिल्डेरिक तिसरा याला शोधून गादीवर बसवलं. ७४७ मध्ये कार्लोमन संन्यासी झाला आणि पेपिन एकटाच उरला.

आता त्याची युक्ती पाहा. त्याने पोप झकारियास यांच्याकडे दूत पाठवून विचारलं, सत्ता नसलेल्याने राजा म्हणवून घेणं योग्य आहे का? पोपना लोंबार्डांचा त्रास होताच. उत्तर पेपिनच्या सोयीचं आलं. ७५१ मध्ये स्वासों इथे सरदारांनी त्याला राजा निवडलं आणि धर्मगुरूंनी पवित्र तेलाचा अभिषेक केला. चिल्डेरिकचे केस कापून त्याला मठात धाडलं. रक्ताची जागा तेलाने घेतली म्हणा ना!

७५४ मध्ये नवे पोप स्टीफन स्वतः आल्प्स ओलांडून आले. सेंट डेनिसला त्यांनी पेपिनला आणि त्याच्या दोन्ही मुलांना अभिषेक केला. म्हणजे आता मुलांचंही पक्कं झालं. बदल्यात पेपिनने लोंबार्डांवर दोनदा स्वारी करून जिंकलेला मुलूख पोपना दिला. पोपचं राज्य उभं राहिलं ते त्यावर, आणि ते १८७० पर्यंत टिकलं. पेपिन ७६८ मध्ये वारला.

एक गोष्ट वर्गात जरूर सांगा. मेरोव्हिंजियन राजे बैलगाडीतून फिरणारे, नावापुरते राजे होते, हे वर्णन आइनहार्टचं. आणि हा आइनहार्ट होता शार्लमेनच्या दरबारातला. मुलांना विचारा, चिल्डेरिकची बाजू कोणी लिहिली असती?