डॉ. मायकेल डिलन : एका आवाजाचा प्रवास

(द्वितीय वर्ष, कला)

दाराबाहेरून हाक आली की कोण आले ते घरच्यांना कळते. चेहरा दिसण्याआधी माणूस आवाजाने ओळखला जातो. पण आपला आवाज, आपले नाव आणि आपले शरीर ही तिन्ही आपल्या मनाशी विसंगत असतील तर? या प्रश्नाशी आयुष्यभर झुंजलेल्या आणि भारतात अखेरचा श्वास घेतलेल्या एका डॉक्टरांची ही जीवनकथा आहे.

मायकेल डिलन यांचा जन्म १ मे १९१५ रोजी लंडनमध्ये झाला. दप्तरी नोंद मुलगी अशी झाली. नाव ठेवले लॉरा. काही दिवसांतच आई वारली. दोन आत्यांनी त्यांना फोकस्टन येथे वाढविले. ऑक्सफर्डला ते स्त्रियांच्या महाविद्यालयात शिकले, विद्यापीठाच्या महिला नौकानयन क्लबाचे अध्यक्षही झाले. परंतु आपण पुरुष आहोत, ही जाणीव त्यांना स्वस्थ बसू देईना.

१९३९ साली डॉ. जॉर्ज फॉस यांनी त्यांना टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाच्या गोळ्या दिल्या. मात्र ज्या मनोविकारतज्ज्ञापाशी त्यांनी मन मोकळे केले, त्यानेच ती गोष्ट बाहेर फोडली. डिलन ब्रिस्टलला गेले आणि एका गॅरेजात कामाला लागले. या संप्रेरकाने स्वरतंतू जाड होतात, त्यांची कंपने मंदावतात आणि आवाज घोगरा, खालच्या पट्टीतला होतो. डिलन दिसण्या-बोलण्यात पुरुष झाले. तरीही सोबतचे कामगार त्यांचा उल्लेख 'ती' असाच करीत. शेवटी ग्राहकांचा गोंधळ नको म्हणून व्यवस्थापकाने सर्वांना 'तो' म्हणण्याची ताकीद दिली! इंग्रजीत दुसऱ्याबद्दल बोलताना एवढा प्रश्न येतो. आपल्या मराठीत तर 'मी आलो' की 'मी आले' हे स्वतःच्या तोंडूनच कितीतरी वाक्यांत सांगावे लागते. मराठी बोलणाऱ्या अशा व्यक्तीची किती कुचंबणा होत असेल!

१९४२ मध्ये त्यांच्या छातीवर शस्त्रक्रिया झाली. १९४४ मध्ये जन्मनोंद बदलून लॉरेन्स मायकेल डिलन हे नाव लागले. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिली. दाखल्यातली एक वेलांटी दुरुस्त करायला वडिलांना तालुक्याला चार खेपा घालाव्या लागल्या. म्हणून त्या बदललेल्या कागदाचे मोल मला कळते. पुढे १९४६ ते १९४९ या काळात प्रख्यात शल्यविशारद हॅरॉल्ड गिलीज यांनी त्यांच्यावर तेराएक शस्त्रक्रिया केल्या. त्याच काळात डिलन डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात वैद्यक शिकत होते. १९४६ साली त्यांचे 'सेल्फ' हे पुस्तक निघाले. मनाला शरीराप्रमाणे वाकविता येत नसेल, तर शरीर मनाच्या जवळ न्यावे, असा त्यातील विचार. १९५१ मध्ये ते डॉक्टर झाले आणि पुढे जहाजावर नोकरी करू लागले.

पण समाजाची जीभ थांबली नाही. डिलन घराणे सरदारांचे. वंशावळींच्या दोन ग्रंथांतील नोंदी जुळेनात, आणि १९५८ मध्ये वृत्तपत्रांनी त्यांचे गुपित जगजाहीर केले. नोकरी सोडून ते भारतात आले. १९६० साली लडाखमधील रिझोंग मठात ते श्रामणेर म्हणून राहिले. लोबझांग जिवक हे त्यांचे नवे नाव. मात्र भिक्षुसंघाच्या जुन्या नियमांपायी पूर्ण दीक्षा त्यांना मिळाली नाही. १५ मे १९६२ रोजी डलहौसी येथे वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी ते निवर्तले. त्यांचे आत्मचरित्र छापले गेले ते २०१६ साली, म्हणजे चौपन्न वर्षांनी.

डिलन यांना आवाज औषधाने मिळाला. पुरुषी आवाज फुटल्यानंतर स्त्री म्हणून जगू लागणाऱ्यांचे मात्र तसे नसते. स्त्री-संप्रेरकांनी जाड झालेले स्वरतंतू पुन्हा बारीक होत नाहीत. तेथे वाचोपचार करणारा गुरूसारखा उपयोगी पडतो. आवाजाची पट्टी, त्याचा घुमारा, बोलण्यातील चढउतार हे सारे सरावाने शिकविता येते. पण त्या विद्यार्थ्याचा पहिला धडा डिलन यांच्या चरित्रातच आहे. समोरच्याने सांगितलेले नाव मानाने उच्चारावे आणि विश्वासाने सांगितलेली गोष्ट पोटात ठेवावी. उद्या आपल्यापैकी कोणी शिक्षक होईल, कोणी कचेरीच्या खिडकीमागे बसेल. हा धडा आपल्यालाही तितकाच लागू आहे. डिलन यांना शस्त्रक्रियांनी जेवढे पोळले नसेल, तेवढे लोकांच्या बोलण्याने पोळले.