डॉक्टर जर्सन द कुन्हा व वसईचीं ख्रिस्तमंदिरें

आमच्या जूचंद्र गांवीं रांगोळीची कला फार वाढीस लागलेली आहे. येथील कलावंत रात्ररात्र जागून जमिनीवर माणसांचे चेहरे असे हुबेहूब रेखाटतात कीं, पाहणाऱ्याचें पाऊल तेथेंच थबकतें. परंतु कांहीं दिवसांनीं ती रांगोळी पुसली जाते आणि मागें उरतें तें एखादें छायाचित्र. दगडाचुन्याचीं कामें रांगोळीहून टिकाऊ, असें आपण समजतों. पण आमच्या गांवाहून कांहीं मैलांवर असलेला वसईचा किल्ला पाहिला म्हणजे हा समज डळमळूं लागतो. त्या किल्ल्यांतील भग्न मंदिरांची आठवण ज्यानें ग्रंथरूपानें राखली, त्या पुरुषाचें चरित्र आम्ही आज बालवाचकांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवीत आहों.

इ. स. १५३४ पासून १७३९ पर्यंत वसई पोर्तुगीजांच्या ताब्यांत होती. या अवधींत फ्रान्सिस्कन, जेझुइट, डोमिनिकन व ऑगस्टिनियन या संघांनीं किल्ल्याच्या तटाआंत आपापलीं ख्रिस्तमंदिरें उभारलीं. ज्या शैलीला बरोक म्हणतात, ती त्या काळीं युरोपांत उदयास आली व पोर्तुगीजांबरोबर आपल्या किनाऱ्यावरही पोहोंचली. पीळदार खांब, वेलबुट्टीनें भरलेलीं लांकडी वेदीपीठें, त्यांवर सोन्याचा वर्ख, देवदूतांच्या व संतांच्या मूर्ति, आणि या सर्वांवर हलणारा मेणबत्त्यांचा प्रकाश हें त्या शैलीचें वैभव होय. बाहेरची भिंत कितीही साधी असो, आंत पाऊल टाकतांच भाविकाचे डोळे दिपावे, असा तिचा हेतु असे.

१७३९ च्या मे महिन्यांत चिमाजी आप्पांच्या सैन्यानें मोठ्या पराक्रमानें किल्ला सर केला. तहाप्रमाणें पोर्तुगीज आपली जंगम मालमत्ता घेऊन निघून गेले. मागाहून छपरें कोसळलीं, लांकूडकाम नाहींसें झालें व भिंतींवर वडपिंपळ रुजले. छायाचित्रणाची कला जगापुढें आली ती १८३९ सालीं, म्हणजे किल्ला पडल्यावर बरोबर शंभर वर्षांनीं. म्हणून वसईच्या त्या मंदिरांच्या भरल्या गाभाऱ्याचें एकही छायाचित्र असूं शकत नाहीं. ही उणीव कोणाच्याही हातून भरून येण्यासारखी नव्हती. जें उरलें होतें तें तरी नोंदून ठेवणें एवढेंच शक्य होतें, आणि तें एका वैद्यानें केलें.

जोसे जर्सन द कुन्हा यांचा जन्म १८४४ सालीं गोव्यांतील बार्देश प्रांतांत, हडफडें या गांवीं झाला. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजांत त्यांनीं वैद्यकाचा अभ्यास केला व पुढें विलायतेस जाऊन तेथील पदव्या मिळविल्या. परत आल्यावर मुंबईंत त्यांनीं व्यवसाय मांडला. रोग्यांची सेवा करून जो वेळ उरे, तो ते जुनीं नाणीं, शिलालेख व हस्तलिखितें यांत घालवीत. रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या विद्वन्मंडळींत त्यांना मान होता. नाण्यांचा तर त्यांनीं हजारोंनीं संग्रह केला होता. वैद्य जसा रोग्याच्या लहानसहान लक्षणावरून रोगाचा माग काढतो, तसा ते झिजलेल्या अक्षरांवरून गतकाळाचा माग काढीत.

१८७६ सालीं त्यांनीं चौल व वसई या दोन स्थळांच्या इतिहासाचा व प्राचीन अवशेषांचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत १७ छायाचित्रें, ९ शिळाछापाचीं चित्रें व एक नकाशा आहे. मंदिरांच्या भुईंत बसविलेल्या थडग्यांच्या शिळांवरील लेखही त्यांनीं उतरून घेऊन त्यांचा अर्थ दिला. पायांखालीं तुडविल्या जाणाऱ्या त्या शिळांवर कोणा गृहस्थाचें, कोणा स्त्रीचें नांव व मृत्यूचें साल कोरलेलें होतें. ग्रंथांत आल्यामुळें तीं नांवें पुसट होण्यापासून वांचलीं.

त्या काळीं ग्रंथांत छायाचित्रें घालणें ही सोपी गोष्ट नव्हती. कांचेच्या तबकडीवर कलोडियन नांवाचा चिकट द्रव ओतावयाचा, ती चांदीच्या क्षाराच्या द्रावणांत बुडवावयाची, आणि ओली आहे तोंच कॅमेऱ्यांत घालून चित्र घ्यावयाचें. ती सुकण्यापूर्वींच अंधाऱ्या तंबूंत नेऊन औषधांनीं धुवावी लागे. यासाठीं तंबू, बाटल्या, पाणी व कांचा यांचें ओझें जागेवर वाहून न्यावें लागे. बाहेर उन्हांत कांहीं क्षणांत काम भागे. पण मंदिराच्या अंधाऱ्या गाभाऱ्यांत चित्र उमटावयास बराच वेळ लागे, आणि आमच्या कोंकणच्या उष्म्यांत तबकडी तर लवकर सुके. शिवाय या तबकडीला निळा प्रकाश फार लवकर कळे, पण पिवळा व तांबडा जवळजवळ कळतच नसे. त्यामुळें सोन्यानें झळकणारें वेदीपीठ चित्रांत काळसर दिसे. भाविकाच्या डोळ्यांना जें सर्वांत तेजस्वी, तेंच कांचेवर सर्वांत मंद उतरे!

वसईंत मात्र छपरेंच उरलीं नव्हतीं, म्हणून सूर्य सरळ गाभाऱ्यांत येई. जी हानि इतिहासाला शल्यासारखी सलते, तीच छायाचित्रकाराची अडचण दूर करीत होती. वसईचे गाभारे मूळचे कसे होते याची कल्पना ज्यांना करावयाची असेल, त्यांनीं डॉक्टरांच्या जन्मभूमींत, जुन्या गोव्यांत जावें. तेथील बॉं जेझुस मंदिर १६०५ सालीं पूर्ण झालें व त्याचें सोनेरी वेदीपीठ आजही उभें आहे. संत फ्रान्सिस झेवियर यांच्या समाधीचें संगमरवरी काम फ्लॉरेन्सच्या फोज्जिनी नांवाच्या शिल्पकारानें घडविलें, आणि १६९८ सालीं तें गोव्यांत बसविलें गेलें. योगायोग असा कीं, १८७८ सालीं त्याच फ्लॉरेन्स शहरीं प्राच्यविद्यापंडितांची परिषद भरली, तेव्हां द कुन्हा तेथें उपस्थित होते.

डॉक्टरांची दृष्टि स्वधर्मापुरतीच मर्यादित नव्हती, हें विशेषेंकरून सांगावेंसें वाटतें. वसईचा ग्रंथ निघाल्यावर पुढच्याच वर्षीं त्यांनीं स्कंदपुराणांतील सह्याद्रिखंडाची संस्कृत संहिता संपादून छापली. सिंहलद्वीपांतील बुद्धाच्या दंतधातूचा इतिहास त्यांनीं त्याआधींच लिहिला होता. १८८१ मध्यें कोंकणी भाषा व वाङ्मय यांवर पुस्तक लिहिलें. ज्या मुंबईनें त्यांना आश्रय दिला, तिच्या उत्पत्तीचा विस्तृत इतिहास १९०० सालीं बाहेर पडला, आणि त्याच सालीं, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षीं, ते परलोकवासी झाले. पोर्तुगीजांचें मंदिर असो कीं पुराणाची पोथी असो, जें नष्ट होऊं पाहतें तें जपावें, हाच त्यांच्या आयुष्याचा मंत्र दिसतो.

विद्यार्थीमित्रहो, या चरित्रापासून आपण काय घ्यावें? आज घरोघरीं खिशांत मावणारा कॅमेरा आहे. कांच नको, तंबू नको. तरीही आपण आपल्या गांवच्या चर्चचें जुनें वेदीपीठ, चंडिकामातेच्या मंदिराचा परिसर किंवा आजीच्या घराचा माजघर यांचें छायाचित्र नीट काढून ठेवलें आहे काय? जीर्णोद्धार होतो, जुनें लांकूड उतरविलें जातें, आणि मग तें कसें होतें हें कोणालाच सांगतां येत नाहीं. म्हणून आमची सूचना अशी : प्रार्थना चालू नसतांना, धर्मगुरूंची वा पुजाऱ्यांची परवानगी घेऊन, कॅमेरा तिवईवर स्थिर ठेवावा. झगझगीत दिवा न लावतां खिडकींतून येणाऱ्या उजेडांतच चित्र घ्यावें, म्हणजे कोरीव कामाच्या छाया जशाच्या तशा उमटतात. चित्राबरोबर स्थळ व दिनांक अवश्य लिहावा, कारण नांवावांचून चित्र मुकें असतें.

रांगोळी पुसली जाणारच, आणि भिंतीही एक दिवस ढासळणारच. परंतु द कुन्हा यांनीं रोग्यांच्या सेवेंतून उरलेले तास वेंचून वसईसाठीं जें केलें, तें आपल्या गांवासाठीं करणारा एखादा विद्यार्थी आमच्यांतून निघाला, तर या चरित्राचें वाचन सार्थकीं लागलें असें आम्ही समजूं.