गुडघेरोपण आणि जंतुसंसर्ग : थिएटरची हवा गाळणारे सर्जन
कृत्रिम सांध्याला रक्तपुरवठा नसतो. त्यावर जंतूंचा थर बसला, तर औषधं नीट पोहोचत नाहीत. म्हणूनच गुडघेरोपणानंतर जंतुसंसर्गाची धास्ती असते. हा धोका खुबारोपणात ओळखला तो सर जॉन चार्नली यांनी. १९११ मध्ये इंग्लंडमधल्या बरी इथे जन्मलेल्या या सर्जनने १९६२ मध्ये रायटिंग्टन रुग्णालयात प्लास्टिकच्या वाटीचा टिकाऊ खुबा बसवला. पण काही रुग्णांत संसर्ग होत होता. त्यांनी गाळलेल्या हवेचा बंदिस्त कक्ष उभारला, अंगभर झाकणारे गाऊन आणले. संसर्ग सुमारे ७ टक्क्यांवरून १ टक्क्याच्या आसपास आला. १९८२ मध्ये त्यांचं निधन झालं. निर्जंतुकतेची तीच शिस्त आज गुडघेरोपणातही लागते. तरी धोका शून्य नाही : जखम लाल झाली, पाणी येऊ लागलं किंवा ताप आला, तर लगेच सर्जनला दाखवा.