घरी बनवलेल्या ट्रान्समीटरलाही परवाना का लागतो? हॅम रेडिओ वाचवणाऱ्या मॅक्सिम यांची गोष्ट

वडिलांनी मशीनगन बनवली, मुलानं बंदुकीचा सायलेन्सर. हिराम पर्सी मॅक्सिम (१८६९–१९३६) यांची ही ओळख अनेकांना असते. पण जगभरचे हॅम, म्हणजे हौशी रेडिओचालक, त्यांना मानतात ते वेगळ्याच कारणासाठी.

अमेरिकेत १९१२ मध्ये रेडिओ कायदा आला. रिसीव्हर कुणीही ठेवावा, ट्रान्समीटरला मात्र सरकारी परवाना हवा. शिवाय हौशींनी २०० मीटरपेक्षा लांब तरंग वापरायचे नाहीत आणि वीज एक किलोवॉटच्या आतच ठेवायची. तरंग जितका लांब तितका संदेश दूर, असं तेव्हा मानलं जाई. म्हणजे बिनकामाचा समजला जाणारा कोपरा हौशींना मिळाला!

नियम हवेत का? तर हो. तेव्हाचा स्पार्क ट्रान्समीटर म्हणजे ट्रान्सफॉर्मर, कपॅसिटर, तारेचं वेटोळं आणि ठिणगीची फट. घरी सहज जोडता यायचा, पण त्याचा सिग्नल इतका पसरट की शेजारच्या स्टेशनचा संदेश त्यात बुडायचा. भारतातही ट्रान्समीटरसाठी परीक्षा आणि परवाना लागतो, तो याच धोक्यामुळे.

एमआयटीतून शिकलेले मॅक्सिम हार्टफर्डला राहत. १९१४ मध्ये त्यांना जेमतेम ४० किलोमीटरवरच्या स्प्रिंगफील्डला संदेश पाठवायचा होता, पण तो पोहोचेना. शेवटी मधल्या गावातल्या एका हौशी चालकानं तो पुढे ढकलला. साखळी केली तर देशभर पोहोचता येईल, हे मॅक्सिम यांच्या लक्षात आलं. त्याच वर्षी क्लॅरेन्स टस्का यांच्यासोबत त्यांनी अमेरिकन रेडिओ रिले लीग स्थापन केली.

१९१७ मध्ये अमेरिका महायुद्धात उतरली आणि सगळी हौशी स्टेशन्स बंद झाली. खरी लढाई युद्धानंतरची. रेडिओ नौदलाच्या ताब्यात देणारं विधेयक आलं. ते मंजूर झालं असतं तर हौशी रेडिओचा कारभार आटोपलाच असता. मॅक्सिम यांनी संसदीय समितीपुढे बाजू मांडली, सदस्यांनी आपापल्या खासदारांना पत्रं धाडली. विधेयक बारगळलं आणि १९१९ मध्ये प्रक्षेपणावरची बंदी उठली.

पुढची गंमत म्हणजे, त्याच 'टाकाऊ' लघुलहरींवर नोव्हेंबर १९२३ मध्ये अमेरिकी हौशींनी फ्रान्समधल्या लिओं देलॉय यांच्याशी अटलांटिकपार थेट संवाद साधला. वापरलेला तरंग होता सुमारे १०० मीटरचा. मग कंपन्या आणि सरकारंही लघुलहरींकडे धावली.

मॅक्सिम १९३६ मध्ये गेले. त्यांची डब्ल्यू१एडब्ल्यू ही खूण आता लीगच्या न्यूइंग्टन इथल्या स्टेशनकडे असून ती आजही हवेत ऐकू येते.