काटा रुतला आणि शरीरातली फौज दिसली : एली मेचनिकॉफ यांची गोष्ट

पायात बाभळीचा काटा मोडला की दुसऱ्या दिवशी तिथं ठणकतं, सुजतं, पू धरतो. हा पू म्हणजे नुसती घाण नव्हे. लढून मेलेल्या पांढऱ्या पेशी त्यात असतात. या पेशी शरीराच्या राखणदार आहेत, हे जगाला पटवून देणारा माणूस म्हणजे एली मेचनिकॉफ.

१८४५ साली खारकीव्हजवळच्या एका खेड्यात त्यांचा जन्म झाला. तेव्हा तो रशियन साम्राज्याचा मुलूख, आज युक्रेन. संसारात सुख थोडंच. पहिली पत्नी ल्युदमिला क्षयानं १८७३ मध्ये गेली. दुसरी, ओल्गा, टायफॉइडमधून कशीबशी वाचली. ओडेसाच्या विद्यापीठातल्या राजकारणाला कंटाळून १८८२ मध्ये त्यांनी नोकरी सोडली आणि बिऱ्हाड इटलीतल्या मेसिनाला, समुद्रकाठी हलवलं.

एक दिवस घरची मंडळी सर्कशीला गेली. मेचनिकॉफ एकटेच सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले होते. समोर तारामाशाची पिल्लं, काचेसारखी आरपार दिसणारी. त्यांच्या अंगात काही पेशी इकडेतिकडे फिरत होत्या. या पेशी बाहेरून आलेल्या शत्रूवर तुटून पडत असतील का? त्यांनी बागेतल्या गुलाबाचे काटे आणून पिल्लांच्या अंगात टोचले. रात्रभर झोप नाही. सकाळी पाहतात तर काट्याभोवती पेशींचा घोळका!

मग तळ्यातल्या डाफ्निया या इवल्याशा जिवावर त्यांनी काम केलं. एका परजीवी बुरशीचे सुईसारखे बीजाणू त्याचं आतडं भेदून अंगात शिरतात. पेशींनी ते गिळून पचवले तर डाफ्निया जगतो, नाहीतर मरतो. १८८४ मध्ये हे छापून आलं, पण अनेक जर्मन शास्त्रज्ञांनी मानलं नाही. त्यांच्या मते रोगाशी लढतो तो रक्तातला द्रव. पाश्चर यांनी मात्र १८८८ मध्ये पॅरिसला आपल्या संस्थेत जागा दिली. पुढं १९०८ चं नोबेल मेचनिकॉफ आणि द्रववाले पॉल एरलिख यांना विभागून मिळालं. दोघंही बरोबर होते.

पुढचा धागा त्यांच्यानंतर सापडला. पेशी शत्रूला नुसतं गिळत नाहीत. त्याचे तुकडे करून आपल्या पृष्ठभागावर मांडतात, चोराची खूण चावडीवर दाखवावी तशी. ती खूण टी-पेशी ओळखतात. काळा आजाराचा परजीवी तर मेचनिकॉफ यांनीच नाव दिलेल्या मॅक्रोफेज पेशींच्या पोटातच दडी मारतो. टी-पेशीनं त्याची खूण ओळखून इशारा दिला, की तीच पेशी आतल्या आत त्याला मारू शकते. खूण दाखवण्यात तरबेज असलेल्या डेंड्रिटिक पेशी राल्फ स्टाइनमन यांनी १९७३ मध्ये शोधल्या.

मेचनिकॉफ यांचा आपल्याशीही संबंध आहे. प्लेगच्या साथीत १८९७ मध्ये मुंबईत लस तयार करून आधी स्वतःला टोचून घेणारे हाफकिन हे त्यांचे ओडेसातले विद्यार्थी. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाची.

म्हातारपणी मेचनिकॉफ रोज आंबवलेलं दूध पीत. दह्यातले जंतू आतडं निरोगी ठेवतात, माणूस सहज शंभरी ओलांडेल, असं त्यांचं म्हणणं. स्वतः मात्र १९१६ मध्ये, ७१ व्या वर्षी पॅरिसला हृदयविकारानं गेले. त्यांची रक्षा पाश्चर संस्थेतच ठेवली आहे.